चूक झाली कुठे, सापडली कुठे

सोम., १४ नोव्हें. ९४, जळगाव
संगणक विभागाचा सहामाही चुकांचा तक्ता मॅनेजरांना दिला. सर्वांत जास्त चुका धुळ्याच्या गोदामात. तिथे आपल्या विभागाचा माणूस एकटा वाणी. त्याला इकडे आणावं, नजरेखाली ठेवावं, अशी शिफारस केली. त्याची बायको धुळ्यात शिक्षिका. पण आकडे तर आकडेच. मग इतकं का खटकतंय?

बुध., १६
प्रोग्राम तपासणाऱ्या भंगाळेबाईंनी तक्ता पाहिला. "भाऊ, हे मोजलं कुठे?" म्हटलं, तक्रारवहीत. "आणि वही कुठे असते?" ज्या त्या गोदामात; वाणीची धुळ्यात.
मग म्हणाल्या, एक प्रोग्राम मागणीपासून गोदामापर्यंत कसा जातो ते आधी काढू, मोजायचं कुठे ते मग ठरवू, एवढंच. जरा चिडलोच. तरी हो म्हटलं.

शनि., १९
बाई फ्लॉपीसोबत एस.टी.ने धुळ्याला जाऊन आल्या. प्रिंटआउटच्या पाठीवर सगळा प्रवास: मागणी, तिच्यावरून माझं टिपण, प्रोग्राम लिहिणं, तपासणी, गोदाम. प्रत्येक चौकटीखाली एकच प्रश्न, इथे आपल्याला काय कळायला हवं? आकडा त्यानंतर. इतकी वर्षं मी उलटं केलं. हाताशी होतं ते मोजलं.
वाणी दर फ्लॉपी खऱ्या मालाशी ताडून पाहतो, म्हणून चुका त्याच्याकडे सापडतात. त्याचा निरोप: "भाऊले सांगा, ताप डाक्टरनी मोजा म्हनीन ताप डाक्टरना नही."
डॉक्टरने मोजला म्हणून ताप डॉक्टरचा होत नाही. हसलो. मग नाही.

सोम., २१
बाईंनी जुन्या चुका एकेक करून जिथे झाल्या त्या चौकटीत नेऊन बसवल्या. निम्म्याहून जास्त माझ्या टिपणात. अर्धवट लिहिलेलं, विचारायचं राहिलेलं. बाकी सगळं शाईने, माझी चौकट तेवढी पेन्सिलीने. मला खोडता यावी म्हणून? मी ती शाईने गिरवली.
या बाईंकडून आणखी किती शिकायचं राहिलंय.

बुध., २३
शिफारस मागे घेतल्याचं पत्र, सोबत आकृती. मॅनेजर म्हणाले, बदलीचा हुकूम टाइप झालाय, उद्या सही. माझ्या चौकटीवर बोट ठेवून, "हे तुम्ही?"
"हो."
"ठेवून जा."
बाईंना सांगितलं. त्यांनी नवी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. पहिली नोंद मीच केली. ता. १४, चुकांचा तक्ता. झाली: या टेबलावर. सापडली: धुळ्यात.
दुरुस्त झाली, हा रकाना कोरा.