आमच्या गच्चीवर पाऊस पडत नाही

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठड्याला धरतेस, की अजून ‘मला काय धाड भरलीय’ म्हणत दाणदाण चढतेस? (मेट्रन असताना अख्ख्या वॉर्डाला औषधं वेळेवर दिलीस, स्वतःची मात्र विसरतेस, असं काका म्हणतात. मी म्हणत नाही. माझी काय बिशाद!) आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, म्हणजे जेवतात, खाली दुकानात बसतात, घड्याळं दुरुस्त करतात. फक्त माझ्याशी बोलत नाहीत. त्याकडे येतेच, पण मुळापासून सांगते, नाहीतर तू मधूनच तुझ्या धाकट्या भावाची बाजू घेशील.

मी विद्यापीठात हवामानशास्त्राला गेल्यापासून आपल्या नातेवाइकांचा असा समज झालाय की पाऊस माझ्या ओळखीचा आहे. कुणी विचारतं, गाद्या उन्हात टाकू का. कुणी विचारतं, गुरुवारी साखरपुडा आहे, मंडप घालायचा का. (तूसुद्धा घराच्या रंगाचं विचारलं होतंस आणि मी काहीतरी ठोकून दिलं होतं. भिंतीला पोपडे आले असतील तर माफ कर.) आम्ही शिकतो ते गेल्या शंभर वर्षांचं ऊन, पाऊस, समुद्राचं पाणी किती तापलं ते, आणि त्यावरून पुढच्या पन्नास वर्षांचं बोलतो. गुरुवारचं आम्हाला कुणी विचारू नये. बाबांचा प्रश्न वेगळाच होता : हे शिकून माणसं पुढे करतात काय? मी त्यांना आमच्या पुढच्या वर्गांतले दाखले दिले. एक मुलगी विमा कंपनीत आहे. कुठल्या घरात पुराचं पाणी शिरेल ते ती काढते आणि घरमालकांच्या शिव्या खाते. एकजण पवनचक्क्यांच्या कंपनीत वारा कधी पडेल ते सांगतो, आणि वारा पडला की तो त्यानेच पाडल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघतात. एकजण महापालिकेत आहे. पुढे पाऊस किती जोराचा होईल त्यावर नवी गटारं किती रुंद हवीत हे तो ठरवतो. फार कामाचा माणूस, पण त्याची सासू जावई काय करतात हे कुणाला सांगत नाही. बाबांनी डोळ्याचं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे नोकरी लागते?’ मी म्हटलं, लागते. ‘मग शिक,’ म्हणाले आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

तर शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी आमच्या विभागाने प्रत्येकाला एकेक पर्जन्यमापक घरी न्यायला दिला. शहराच्या कुठल्या भागात किती पाऊस पडतो ते बघायचं होतं. दिसायला हा एक पत्र्याचा गोल डबा. वर गाळणी, आत दोन इवल्याशा वाट्यांची डुगडुगी. एक वाटी भरली की खाली जाते, पाणी सांडतं, दुसरी वर येते आणि तेवढा पाऊस विभागातल्या संगणकावर आपोआप नोंदला जातो. मी डबा गच्चीवर बसवला आणि कौतुकाने बाबांना दाखवला. (इथेच माती खाल्ली.) त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि त्या डुगडुगीकडे इतका वेळ बघत राहिले की आईला वाटलं चक्कर आली. एवढं नाजूक काम त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं म्हणे. मला बरं वाटलं. माझ्या शिक्षणातल्या एखाद्या वस्तूला त्यांनी आपणहून हात लावला असा तो पहिलाच प्रसंग.

पुढे पावसाळा सुरू झाला. सगळ्यांच्या डब्यांनी धो धो पाऊस नोंदवला. माझ्याने शून्य. पुढच्या आठवड्यात शून्य, त्याच्या पुढच्या आठवड्यात शून्य. डबा बिघडला म्हणावा, तर मी तो गच्चीवर जाऊन तपासत होते. हाताने पाणी ओतलं की बरोबर मोजायचा. शिवाय इतरांच्या डब्यांत कावळ्यांनी घाण केलेली, पानं अडकलेली, आणि माझा आरशासारखा लखलखीत. मला त्याचा अभिमानच वाटायचा! साधा संशय घ्यायचा सोडून मी सिद्धांत मांडला. आमच्या गल्लीतल्या तापलेल्या गच्च्या आणि शेजारची उंच इमारत मिळून पावसाचे ढग बाजूला ढकलतात, असा तो सिद्धांत होता. त्याचा रंगीत नकाशा केला. सगळं शहर निळंशार आणि मधोमध आपलं घर, लाल ठिपका. तो विभागात सगळ्यांसमोर मांडला. विभागप्रमुख बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘आज घरूनच आलीस ना? मग तुझ्या छत्रीतून एवढं पाणी का गळतंय?’ मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी हे एवढं थारोळं. आत्या, मी सकाळी आपल्याच फाटकापाशी नखशिखान्त भिजले होते, तिथून ओल्या चपला फटक फटक वाजवत आले होते, आणि तिथे पाऊस पडत नाही हे पुराव्यानिशी सिद्ध करत उभी होते.

तशीच घरी आले. पाऊस लागलेलाच होता. गच्चीवर गेले तर डब्यावर कपडे धुवायची निळी बादली पालथी घातलेली, वर दगड, आणि शेजारी बाबा, कपाळावर भिंग, हातात दुकानातलं पिवळं फडकं. पावसाचा पहिला थेंब पडला की ते गिऱ्हाइकाला तसंच बसवून तीन जिने धावत चढायचे. पाऊस थांबला की बादली काढून, डबा पुसून खाली. रात्री तर बादली घालूनच झोपायला यायचे. (आईला सगळं माहीत होतं. तिला वाटलं, शास्त्रात असंच असतं.) आत्या, मी फार बोलले. माझं वर्ष मातीत घातलंत म्हटलं, नको ते म्हटलं. ते एवढंच म्हणाले, ‘यंत्रात पाणी गेलं की यंत्र संपलं. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलोय.’ मग फडक्याची नीट घडी घातली आणि खाली गेले. ती घडी आठवली की मला अजून रडू येतं.

वर्ष मात्र मातीत गेलं नाही. बाईंनी सांगितलं की जे झालं ते तसंच्या तसं लिही; माणसं प्रेमाने यंत्रांचं काय करतात यावर कुणी लिहीत नाही. मी लिहिलं. गंमत म्हणजे नोकरीच्या मुलाखतीला गेले तर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही. बादलीची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि नोकरी दिली. ती आहे दूर समुद्रातल्या एका बेटावरच्या वेधशाळेत. तिथे एक दीपगृहवाला, एक स्वयंपाकी आणि मी. वारा, पाऊस, समुद्राचं तापमान मोजणारी यंत्रं आहेत, ती मी राखायची, पुसायची, बिघडली तर दुरुस्त करायची. (म्हणजे इतकं शिकून मी शेवटी बाबांचाच धंदा करणार.) समुद्र शांत असेल तेव्हा बोट येते. नेमणुकीचं पत्र बाबांनी वाचलं, दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि तेव्हापासून गप्प आहेत. मला जायचंय गं. पण त्यांना असं गप्प ठेवून माझा पाय निघणार नाही.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार.

तुझी
भाची

ता. क. : सोमवारी मला होकार कळवायचा आहे. त्याआधी तू येऊन बाबांना दोन शब्द सांगशील का? तुझा नुसता फोन आला तरी ते शर्टाचं वरचं बटण लावतात. तू म्हणालीस तर ऐकतील. खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे. वरचं सगळं तू चिडू नयेस म्हणून.

ता. क. २ : मी तुला लिहिलं हे त्यांना सांगू नकोस. गुडघे दाखवायला आले म्हण.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात पाऊस आला आणि बाबा जिन्यावरून वर धावले. मीही ओरडत मागे. बघते तर डबा उघडाच आणि बाबा त्याच्यापासून हातभर लांब, ओलेचिंब, कावळे हाकलत उभे. छत्री हातात, पण मिटलेली. उघडली तर थेंब अडतील म्हणाले. मग म्हणाले, ‘तू तिकडे गेल्यावर या गाळणीतली पानं मी काढत जाईन. तुझ्या बाईंना सांग, डबा इथेच राहू दे. आणि तिकडे गेल्यावर तिथला पाऊस किती झाला ते मला कळवत जा. इथला मी कळवीन.’ दोघंही भिजत राहिलो.

तेव्हा आत्या, आता त्यांना काही सांगायला येण्याची गरज नाही. तरीही ये, आणि जाताना ती निळी बादली तुझ्याकडे घेऊन जा.