आपोआप लागणारे दार

११ मार्च १९६२, रविवार
आजपासून रोजनिशी नियमित. निमित्त चांगले नाही. बाबा आज पुन्हा निघून गेले. सापडले बडनेरा रोडवर, रसवंतीच्या बाकावर बसलेले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात माझ्या बायकोची, आशाची. कुठे निघाला होता म्हणून विचारले, तर म्हणाले, ‘वावरात. गहू काढाचा हाये ना.’ वावर नांदगाव खंडेश्वरला. चुलतभाऊ जानराव करतो. आई गेली तेव्हा मीच बाबांना इथे अमरावतीला आणले. तेव्हापासून डोक्याने थोडे इकडेतिकडे.
आशा म्हणाली, ‘मामाजीले एकडाव नांदगावले नेऊन आना. वावर पाह्यलं का जीव थंड होते त्याईचा.’
बायकांचा स्वभाव भावनाप्रधान. मी शांतपणे विचार केला. बाबा का जातात? दार उघडे असते म्हणून जातात. म्हणजे प्रॉब्लेम बाबा नाहीत, दार आहे. कडी आहे, पण पाणी आणायला, कपडे वाळवायला आशा दहादा बाहेर जाते आणि कडी राहून जाते.
यावर काही तरी प्रॅक्टिकल उपाय काढीन.

१६ मार्च, अकोला
ऑफिसच्या कामाने अकोल्याला. काम लवकर आटोपले. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरून जात होतो, तेवढ्यात आत एक नर्स दोन्ही हातांत ट्रे घेऊन आली, कमरेने आतल्या खोलीचे दार ढकलले, आत गेली, आणि दार आपले आपण मागे लागले! कोणी हात लावला नाही. मी आत जाऊन बाकावर बसलो. नर्स आणखी चारपाच वेळा गेली. दार एकदाही चुकले नाही. कंपाउंडरने विचारले, ‘कोनती दाढ दुखून राह्यली?’ म्हटले, दार पाहतो आहे. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. अशा माणसांना मेकॅनिझमचे कौतुक नसते.
याला स्प्रिंगची बिजागरी म्हणतात. ताजनापेठेत मिळाली. सर्वांत मोठी घेतली. वस्तू एकदाच घ्यायची तर दणकट घ्यावी.
माणूस विसरतो. स्प्रिंग विसरत नाही. हे वाक्य चांगले झाले आहे.

१८ मार्च, रविवार
देवमन मिस्त्रीने बिजागऱ्या बसवल्या. पहिल्यांदा दार सोडले तेव्हा असा दणका झाला की वरची चुन्याची पापडी पडली आणि शेजारच्या केशरबाई काय कोसळले म्हणून धावत आल्या. त्यांना तीनदा उघडून दाखवले. ‘चांगलं हाये,’ म्हणाल्या आणि कान दाबत गेल्या.
बिजागरीच्या वरच्या टोकाला भोके असतात. त्यात सळई घालून फिरवली की स्प्रिंगचा पीळ वाढतो, दाराचा जोर वाढतो. उत्तम सोय.
दाराचा आवाज झाला की बाबा खाटेवर उठून बसतात आणि म्हणतात, ‘रुख्मे, आली का?’ रुख्मिणी म्हणजे माझी आई. दिवसभर हेच. आशाने डोळ्यांना पदर लावला. मी सांगितले, सवय होईल.
पुढच्या रविवारी बाबांना नांदगावला नेणार. नक्की.

२५ मार्च
नांदगावचे जमले नाही. बिजागरी करकरत होती, तेल देण्यात सकाळ गेली. नंतर ऊन झाले.

२ एप्रिल
बाबा काल पुन्हा गेले. दार ओढून, मध्ये खांदा घालून निघाले असावेत, कारण सदऱ्याची बाही फाटली होती. सगळीकडे शोधले. शेवटी एस.टी. स्टँडवर. नांदगावच्या गाडीत खिडकीशी बसले होते. गाडी बरोबर शोधली होती, हे विशेष. कंडक्टर म्हणाला, ‘बुढा म्हने, पोरगा तिकीट काढून राह्यला, येते आता.’
मी म्हटले, बाबा, उतरा. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला. एक शेतकरी म्हणाला, ‘भाऊ, येऊ द्या ना त्याइले. आमी उतरून देऊ नांदगावले.’ दुसरी एक बाई म्हणाली, ‘तुमीबी चाला.’ गाडीत जागा होती. रविवारच होता. पण घरी सांगितले नव्हते, अंगात धड कपडे नव्हते, आणि असे अचानक कुठे जाणे मला पटत नाही. बोटे एकेक करून सोडवावी लागली.
घरी आल्यावर स्प्रिंगला आणखी पीळ दिला.

९ एप्रिल
नवीन पिळाचा रिझल्ट फारच छान. बाबांना आता दार उघडत नाही.
आशाची मात्र कुरकूर. ‘घागर घेऊन मले आत येता येत नाई. आधी घागर खाली ठेवा, मंग दार ढकला, मंग पायानं धरा, मंग घागर उचला.’ मी तिला अकोल्याच्या नर्सची पद्धत करून दाखवली. कमरेने ढकलायचे. ती घागर माझ्या पायाशी ठेवून आत गेली. नवीन गोष्ट आली की घरात विरोध होतोच.

२९ एप्रिल, रविवार
अचलपूरहून आमच्या मुलीच्या, शालूच्या, सासऱ्यांचा निरोप आला आहे. पोरीचे दिवस भरत आले. आशाला जावे लागणार. आशाने मला न विचारता नांदगावला निरोप धाडला, आणि आज जानराव हजर. म्हणाला, ‘दादा, वहिनी नाई तवरक काकाले मी घेऊन जातो. आमच्या इथं मानसं हायेत, तानुआत्या हाये. आंब्याखाली खाट टाकून देऊ.’ तानुआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण.
हे ऐकताच बाबा उठले. टोपी घातली, काठी घेतली, जानरावाचा हात धरला. ‘चाल,’ म्हणाले.
मी नाही म्हटले. कारणे अशी. एक, पंधरा दिवस बापाला सांभाळता आले नाही असे लोक म्हणतील. दुसरे, उन्हातला प्रवास. तिसरे म्हणजे इथली सिस्टीम आता पूर्ण तयार आहे आणि तिचा खरा उपयोग आशा नसतानाच होणार. जानराव आशाकडे पाहत राहिला. आशा म्हणाली, ‘तुमाले दार पाह्यजे का बाप पाह्यजे?’ पाहुण्यासमोर असे बोलणे शोभत नाही. मी दुर्लक्ष केले.
जानराव चहा पिऊन गेला. बाबांनी टोपी काढली नाही. टोपी घालूनच झोपले.

६ मे
आशा सकाळच्या गाडीने अचलपूरला. जाताना दाराशी थांबून म्हणाली, ‘त्याईच्यापासून उठू नका.’ मी हसलो. रजा घेतलीच आहे. शिवाय दार आहे.

९ मे
सर्व सुरळीत. भांडी घासायला गोदाबाई येते, तीच पोळ्या टाकून जाते. बाबा सकाळी दाराशी जाऊन उभे राहतात, कडीला हात लावतात, ओढतात, मग परत येऊन खाटेवर बसतात. दिवसातून बरेचदा. एकदाही बाहेर नाही! शिस्त लागली आहे. आशा आली की तिला हे सांगायचे.
काल म्हणाले, ‘खुशाल, हे घर कोनाचं हाये?’ म्हटले, आपलेच, बाबा. ‘मंग मले घरी केवा नेतं?’ म्हटले, पावसाळा लागला की. तेव्हा हवाही थंड असते. या वेळी खरेच नेणार.

१२ मे, शनिवार, दुपार
भयंकर ऊन. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. गोदाबाई भांडी घासून गेली. तिच्यामागे दार लागल्याचा आवाज आतूनच ऐकला. बरोबर लागले. बाबा बाहेरच्या खोलीत खाटेवर. मी आतल्या खोलीत वाळ्याचा पडदा भिजवून पडतो.

तीनच्या सुमारास. जाग आली ती बारीक आवाजाने. दार वाजते आहे. थप. मग थोड्या वेळाने थप. ऊन लागून लाकूड ताणत असावे, किंवा स्प्रिंग फुगली असेल. संध्याकाळी तेल देईन. आता उठवत नाही.

आवाज थांबला. स्प्रिंग आपली आपण बसली.

१४ मे, दवाखाना
लिहिणे भाग आहे, कारण प्रत्येक जण वेगळे सांगतो.
शनिवारी गोदाबाई निघाली तेव्हा बाबा तिच्यामागे उठले आणि म्हणाले, ‘बाई, दार धर.’ ती सांगते, ‘म्या धरलं. मले वाटलं बुढाजी ओट्यावर बसते. तवा ओट्यावर सावली व्हती.’ तिने दार सोडले. दार लागले. आमचे घर पश्चिमेकडे तोंड करून. दोन वाजता ओट्यावर ऊन येते. बाबांना आत यायचे होते. दार ढकलले गेले नाही.
केशरबाई पाच वाजता पाणी टाकायला बाहेर आल्या तेव्हा बाबा दाराला डोके टेकून पडलेले दिसले. त्यांनी ओरडून मला उठवले. बाबांचे अंग तव्यासारखे. त्या सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत, ‘तयहात लाल झाल्ते बुढ्याचे. दार वाजवू वाजवू.’
चूक गोदाबाईची आहे. तिने मला आत येऊन सांगायला हवे होते. आणि डॉक्टर स्पष्ट म्हणाले की उन्हाची लू लागली, वयही झाले आहे. लू कोणालाही लागते. तरण्या माणसांना लागते.
मी आवाज ऐकला होता हे कोणाला सांगितलेले नाही. स्प्रिंग खरेच आवाज करते. मार्चमध्येही करत होती.

१६ मे
आशा आली. शालूला मुलगी झाली, असे दारातूनच म्हणाली आणि बाबांच्या पायांशी बसली. माझ्याकडे पाहिले नाही. जानराव आणि तानुआत्याही आले. आत्या भावाचे डोके मांडीवर घेऊन त्यांच्याशी गाईंबद्दल, विहिरीबद्दल बोलत होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच ओठ हलायचे.
संध्याकाळी सगळे चहाला गेले तेव्हा मी एकटा जवळ होतो. बाबांनी डोळे उघडले. ओळखले. म्हणाले, ‘खुशाल, दार काहून लावलं रे?’
म्हटले, मी नाही लावले, बाबा. ते आपोआप लागते.
मग म्हणाले, ‘हव.’
राग नव्हता. लहानपणी मी काहीही खोटे सांगितले तरी असेच ‘हव’ म्हणायचे.

१७ मे
पहाटे बाबा गेले.
जानराव म्हणाला, काकाले वावरात नेऊ, तिथंच अग्नी देऊ. मी हो म्हटले. गाडी करून नेले. वावर चांगले ठेवले आहे जानरावाने. आंबा केवढा झाला आहे.

२१ मे
देवमनला बोलावून बिजागऱ्या काढायला सांगितल्या. तो म्हणाला, तेरवीपर्यंत मानसं येतात-जातात, दार काढलं त मोकयं राहीन. आशा म्हणाली, ‘राहू द्या मोकयं.’ मग मीच म्हटले, तेरवी होऊ दे. दाराच्या पल्ल्याला वीट लावून ठेवली आहे.

२९ मे
तेरवी झाली. पाहुणे गेले. तानुआत्या जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. ती काही बोलली असती तर बरे झाले असते.
ऑफिसला परवापासून जाणार. कामात मन लागेल. रोज पहाटे उठून फिरायला जाणार.

३१ मे
फिरायला गेलो नाही.
संध्याकाळी ऑफिसचे हेडक्लार्क वामनराव भेटायला आले. बाहेरगावी होते म्हणून तेरवीला जमले नाही. बसले, बाबांबद्दल चार शब्द बोलले. निघताना वीट पायाला लागून सरकली आणि दार मागे लागले. वामनराव थांबले. परत उघडले, सोडले. परत उघडले.
‘वा! खुशालराव, हे कुठून आनलं हो? आमची बुढी सारखी घराबाहेर पडते. तिवस्याले जातो म्हनते. माहेर ना तिचं. आता कोन हाये तिथं? भाऊ मेले, घर पडलं. असं दार पाह्यजे आमच्याकडे.’
मी उभा होतो. मला सांगायचे होते. सगळे शब्द तोंडाशी आले होते, क्रमवार. पण मी म्हटले, ‘अकोल्याला मिळते. ताजनापेठेत.’ आणि दुकानाची खूणही सांगितली.
आशा आतून आली. वामनरावांसमोर ती कधी येत नाही. पदर सावरून म्हणाली, ‘भाऊजी, दार नका लावू. तुमाले सवड नसंल त मी नेतो आईले तिवस्याले. उद्याच नेतो.’
वामनराव गडबडले. म्हणाले, इतक्या उन्हात कशाले. आशा म्हणाली, ‘पयल्या गाडीनं जाऊ. त्या पडलेलं घर पाहतीन, माती पाहतीन, संध्याकाळी वापस.’ ते माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिले. मग ते हो म्हणाले.

१ जून
आशा पहाटे उठली. भाकरी बांधल्या, फिरकीचा तांब्या भरून घेतला. वामनराव आईला घेऊन कोपऱ्यावर आले होते. म्हातारी अगदी बारकी आहे. नवे लुगडे नेसली होती. आशाने तिचा हात धरला आणि दोघी स्टँडकडे गेल्या.
मी आंघोळ करून, कपडे करून ओट्यावर उभा होतो. आज सुट्टीही टाकली होती. आशाने जाताना पाहिले, पण येता का म्हणून विचारले नाही.
विचारले असते तर गेलो असतो.
असे वाटते. नक्की सांगता येत नाही.