बाबांची पवनचक्की

रामाकोना, बगीच्यातलं घर
८ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. रजनीस,

आईचे अनेक आशीर्वाद. श्रीकांतरावांना नमस्कार सांग. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे. तुझ्या बाबांना ठीक म्हणायचं की नाही ते पत्र वाचून तूच ठरव.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. श्रीकांतरावांना सुट्टी नव्हती हे कळलं. चिवडा-अनारसे सुधाकरच्या हाती पाठवले, मिळाले असतील. सुधाकर म्हणजे सौंसरच्या बसस्टँडमागे वेल्डिंगचं दुकान आहे तो. तो नागपूरला लोखंड आणायला जातो आणि सध्या अर्धं लोखंड आमच्याच घरी येऊन राहिलं आहे.

तुझ्या बाबांनी पवनचक्की बांधायला घेतली आहे.

हसू नको. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, रिटायर झाल्यावर माणसानं संत्री पाहावी, पोथी वाचावी. तर नाही. सौंसरच्या वाचनालयात कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की परदेशात लोक हिवाळ्यात वाऱ्यावर घरं गरम करतात. झालं. भंगारातून जीपचा डायनमो आणला. सागवानाची पाती स्वतः तासली. महिनाभर घरात भुसाच भुसा, भाजीत भुसा, गादीवर भुसा. विहिरीजवळच्या टेकाडावर सुधाकरनं लोखंडी मनोरा उभा केला आणि त्यावर ते चक्र चढवलं. चक्र फिरलं की डायनमो फिरतो, त्याची वायर घरात येते आणि तिच्या टोकाला तापणारी तार. म्हणजे वाऱ्यानं ऊब. कागदावर सगळं झकास. चित्र तर इतकं सुंदर काढलं आहे की फ्रेम करून लावावं.

पण रजनी, आपल्याकडे थंडी पडते तेव्हाच वारा पडतो! दुपारी ऊन चटचट लागतं तेव्हा चक्र गरगर फिरतं, आणि संध्याकाळी अंगात कापरं भरलं की ते खांबावरच्या कावळ्यासारखं गप्प. मी म्हटलं, "दुपारचा वारा डब्यात भरून ठेवा आता रात्रीसाठी." चिडून म्हटलं होतं गं. तर हे माझ्याकडे असे पाहतच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी एक पिंप घेऊन आले. आता ती तार पिंपातल्या पाण्यात सोडली आहे. दुपारच्या वाऱ्यानं पाणी तापवायचं, पिंपाला रजई गुंडाळायची आणि रात्रभर त्याची ऊब खोलीत. रजईसाठी माझी नवी गादी फोडली. आपल्याच शेतातला कापूस, पण पिंजून मी भरलेला!

तापतं का पाणी, तर कोमट. चांगला वारा असला तर त्याहून थोडं बरं.

शेजारचे हिरामणभाऊ काल धुऱ्यावर येऊन भांडले. "मास्तर, तुमचं हे भूत दिवसभर कुईकुई करते. माहे बैल दावं तोडून राहिले." यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्याच जवळ वंगण मागितलं. हिरामणभाऊंनी दिलंही. या माणसावर धड चिडताही येत नाही कोणाला. माझ्याशिवाय.

चूल मागच्या पडवीत नेली ते तुला माहीत आहे. घरात शेगडी पेटवायची नाही हा यांचा कायदा अजून चालू आहे. गेल्या वर्षी मी पायाला शेक घ्यायला घमेल्यात चार निखारे आणले तर ते उचलून बाहेर पाण्यात टाकले, तोंडातून एक शब्द नाही. लाईन दिवसातून थोडा वेळ येते, तीही पिवळी, त्यावर बल्ब लागतो तेच नशीब. मग माणसानं थंडीत करायचं काय? तर पवनचक्की.

पिंप मागच्या खोलीत ठेवलं आहे. खोलीला चुना दिला. खिडकी मोठी केली.

असो. तू जपून राहा. जिने चढू नको. सातवा लागला की ओटी भरायला मी येईन, तुमच्याकडेच. तू इकडे यायचं की नाही ते मी काही म्हणत नाही.

तुझी आई


रामाकोना
६ जानेवारी १९८७

चि. सौ. रजनी,

आशीर्वाद. ओटीभरणाला तू छान दिसत होतीस. तेव्हापासून पत्र लिहीन लिहीन म्हणून राहिली. तिळाचे लाडू केले आहेत. संत्र्याला यंदा भाव बरा आहे. हिरामणभाऊंची म्हैस व्याली, त्यांनी खरवस दिला.

पाकिटावर पत्ता सुधाकरच्या अक्षरात आहे म्हणून घाबरू नको. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. आणि बाबा सध्या लिहीत नाहीत. त्यांना जरा बरं नाही. म्हणजे हात जरा दुखावला आहे.

तीन ओळी लिहून खोडल्या. खरं लिहिते.

नाताळाच्या दिवसांत अवकाळी आलं. दुपारीच आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की संत्र्याच्या फांद्या मोडल्या. ते चक्र वेडं झालं. त्याला थांबवायची दोरी होती ती तुटली. मनोरा गदगदा हलत होता. मी ओरडले, "जाऊ द्या, तुटलं तर तुटलं!" हे म्हणाले, "तुटलं तर एवढ्यात पुन्हा होत नाही. माघात रजनीचे दिवस भरतात." आणि चढले. या वयात, धोतर खोचून, पावसात. पात्याचा फटका हातावर बसला आणि हे खाली पडले. उजवा हात मनगटाशी मोडला, खांदा उतरला. चित्र काढायचा हात.

हिरामणभाऊंनी बैलगाडी जुंपली. ज्या बैलांसाठी भांडले त्याच बैलांनी सौंसरला नेलं. डॉक्टरांनी खांदा बसवला, प्लास्टर घातलं. बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते सांगता येत नाही म्हणाले.

जाताना गाडीत मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तोंडानं शिव्या देऊन राहिली होती. खरंच दिल्या. "काय कमी होतं तुम्हाला? कोणी सांगितला होता हा उद्योग?" यांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, शुद्ध नाही. तर म्हणाले,

"ते पोतं खिडकीत मीच कोंबलं होतं, प्रेमा."

मी पदरानं त्यांच्या तोंडावरचा पाऊस पुसला.

"वारा येऊन राहिला होता आत. बाळाला हिव लागंल म्हणून कोंबलं. बाजेखाली शेगडीही मीच भरली."

रजनी, तुझ्या बाळाला जाऊन दोन हिवाळे झाले. त्या सकाळी मागच्या खोलीचं दार उघडल्यापासून आजवर या माणसानं त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टरांनी कोळशाच्या धुराचं सांगितलं, तू वाचलीस हेच खूप म्हणाले, तेव्हाही हे भिंतीकडे पाहत उभे होते. मी समजत होते, पुरुषाची जात, गिळून टाकलं. गिळलं नव्हतं गं. पाती तासत होते, ते हेच.

मी म्हटलं, "बाळंतिणीच्या खोलीत शेगडी सगळ्यांच्याच घरी असते. माझ्या वेळी होती, तुमच्या आईच्या वेळी होती."

तर म्हणाले, "रजनीनं मले एक शब्दही नाही म्हटला. भांडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती नमस्कार करून गेली आणि मग आलीच नाही."

घरी आणलं तोवर रात्र झाली होती. दोघंही भिजून काकडलेले, यांच्या अंगावर चिखल आणि रक्त. पुसायला पाणी घ्यायला मागच्या खोलीत गेले आणि पिंपात हात घातला तर चटका बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते पाणी खरं तापलं होतं. खोलीत अशी ऊब होती, धूर नाही, वास नाही, की मी पिंपाला टेकून उभी राहिले आणि रडले. मग त्याच पाण्यानं यांना पुसलं. हे विचारून राहिले, "किती तापलं? हात ठेववते का?" मोडलेल्या हाताचं नाही, पाण्याचं विचारतात! मी म्हटलं, "गप्प पडा."

चक्र त्या वाऱ्यात शेवटी मोडून पडलं. आता हे डाव्या हातानं नवी पाती आखून राहिले आहेत. रेघ वाकडी जाते, कागद फाडतात, पुन्हा घेतात. माझा जीव या माणसानं नकोसा केला आहे.

पण मी तुझ्यावरही चिडले आहे, रजनी. तू शहाणी, समजूतदार, कधी उलट बोलली नाहीस. मी जगात तुझं कौतुक करत फिरले. तू गप्प राहिलीस तेव्हा तुला वाटलं असेल की बाबांना दुःख नको. किंवा तुला त्यांचं तोंड पाहवत नसेल. मला माहीत नाही, कारण तू मलाही सांगितलं नाहीस. ओटी भरताना मी विचारणार होते, पण घर बायकांनी भरलेलं आणि तू हसत होतीस.

तू दवाखान्यातच बाळंत हो, नागपूरलाच. इकडे यायला तुझं मन वळवावं म्हणून मी लिहीत नाही. पवनचक्कीच्या भरवशावर मीही तुला बोलावणार नाही. मग ती पुन्हा उभी राहो, नाहीतर सुधाकर तिचं लोखंड परत नेवो.

सोमवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं तुमच्याकडे येऊन राहिलो आहोत. यांना मी सांगितलं आहे की तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना हात दाखवायचा आहे. हात दाखवायचा आहेच. पण त्यानंतर मी श्रीकांतरावांना घेऊन भाजी आणायला जाईन आणि लवकर येणार नाही.

तू त्यांच्याशी बोल. भांडायचं असेल तर भांड. तुझं बाळ गेलं, तुझा हक्क आहे. रडायचं असेल तर रड. माफ केलं नसेल तर तसं तोंडावर सांग, ते मरणार नाहीत. ते या गप्प बसण्यानं मरून राहिले आहेत, आणि मला वाटतं, तूसुद्धा.

फक्त नमस्कार करून आत जाऊ नको.

तुम्हा दोघांवर सारखीच चिडलेली,
आणि दोघांशिवाय कोणी नसलेली,
तुझी आई