रेघेपर्यंत

३ मार्च, मंगळवार
बटणनं आजही वाटी संपवली नाही. चार चमचे उरले. लेक आठ महिन्यांची झाली, पण नावासारखीच चिमुकली. वाटीला मी आतून रेघ मारली आहे—रेघेपर्यंत कुस्करलेलं गाजर-बटाटा भरायचं आणि सगळं संपवायचं. बायको पुन्हा कामावर जायला लागल्यापासून दुपारचं भरवणं माझ्याकडे. कारखान्यातली माझी पाळी तीनला असते, बायको आली की मी निघतो.

औषधाच्या बाटल्या भरतात तिथे मी तपासायला बसतो. सरकत्या पट्ट्यावरून बाटली येते. औषध रेघेखाली दिसलं की बाटली बाजूला. सात वर्षांत एकही कमी बाटली माझ्या हातून सुटलेली नाही. मग एक वाटी का जमू नये?

४ मार्च, बुधवार
किल्ल्या वाजवल्या. तिनं तोंड उघडलं—चमचा आत. असे सहा गेले. सातव्याला सगळं माझ्या शर्टावर. बायको कामावरून आल्या आल्या म्हणाली, "भरवत होतास की कुस्ती खेळत होतास?"

७ मार्च, शनिवार
आता नुसता चमचा दिसला तरी तोंड मिटते आणि मान डावीकडे. किल्ल्या वाजल्या की रडते. आज फक्त दूध. वजन महिनाभर जागचं हललेलं नाही. काळजीनं भूक मेली होती, तरी मी माझा डबा संपवलाच.

९ मार्च, सोमवार
दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वजन रेंगाळलंय, पंधरा दिवसांनी आणा. वजन करणाऱ्या नर्सताईंना मी बटणच्या खाण्याची वही दाखवली—तारीख, किती चमचे गेले, किती उरले. त्यांनी सगळी पानं वाचली.

"वही झकास आहे हो, बाबा. पण तिचं काय म्हणणं आहे, ते कुठे लिहिलंय?"

म्हटलं, तिला बोलता कुठे येतं.

"मान फिरवते ना? मग बोलतेच आहे की. काय द्यायचं, कधी द्यायचं, ते तुम्ही ठरवा. किती, ते तिला ठरवू द्या. पोट भरलेलं बाळाला कळतं. रोज दामटून भरवलं, की हळूहळू कळेनासं होतं. मोठेपणी तीच सवय राहते."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पोट भरलेलं मला कधी कळलं? मला ते ताट सांगतं. रिकामं झालं, म्हणजे भरलं. कुणी आणखी वाढलं, तर आणखी.

१० मार्च, मंगळवार
आईला फोन केला. मी लहानपणी कसा जेवायचो?

"तू कसला जेवतोस! मांडीत दाबून धरायचे. नाक धरलं की तोंड उघडायचास. वाटी चाटूनपुसून संपली, की मगच सुटका." मग म्हणाली, "तुझ्या आधीचं एक गेलं होतं रे. तू घास थुंकलास, की माझे हातपाय गळायचे."

त्या बाळाचं मला माहीत होतं. वाटीशी कधी जोडलं नव्हतं.

१२ मार्च, गुरुवार
रेघेच्या वाटीत आता स्क्रू ठेवले आहेत. उकडलेल्या गाजराचे मऊ तुकडे बशीत तिच्यापुढे ठेवले आणि हात मागे बांधून शेजारी बसलो. एक तिनं केसांत घातला, एक मला दिला, एक चोखून टाकला. बस, एवढंच. उरलेले उचलताना माझे हातपाय गळाले. आईचेच हातपाय.

१६ मार्च, सोमवार
चार तुकडे! वर बटाट्याची फोड मुठीत. मोजले नाहीत असं लिहिणार होतो, पण मोजले.

२४ मार्च, मंगळवार
दोनशे ग्रॅम वाढली. नर्सताईंनी वही मागितली आणि मोठ्यानं वाचली—"आज भूक होती. आज मान फिरवली, थांबलो." म्हणाल्या, "आता हिचं अक्षर दिसायला लागलं."

२९ मार्च, रविवार
आई आली आहे. दुपारी माझ्या ताटात दोन घास भात होता, तेवढ्यात तिचा वाढता हात आला. मी मान डावीकडे फिरवली. बटण टक लावून बघत होती. आई डाव भांड्यात ठेवून म्हणाली, "पोट भरलं का रे?"

सव्वीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. भरलं होतं. दोन घास ताटात होते, तरी.