पंज्याला पुरेल अशी काठी

३ मार्च, सकाळी ७.१०

निदान झालं. दोष माझ्यात नाही, काठीत आहे. क्लबातले सगळे क्यू, म्हणजे पूल खेळायच्या काठ्या, बारीक हातांच्या माणसांसाठी केलेले. माझा पंजा सुपाएवढा. मूठ मिटली की बोटांची टोकं तळव्यालाच टोचतात. मग मनगट आवळतं, कोपर थरथरतं, आणि कोपर थरथरलं की मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. साधं शरीरशास्त्र आहे.

ठराव : महिनाअखेरीआधी मोठ्या पंज्याला साजेशी, जाड ग्रिपची काठी मिळवणे. तीस तारखेला क्लबात दादाच्या नावाचा पूलचा सामना आहे. उद्घाटनाची फ्रेम, म्हणजे पहिला डाव, मी खेळणार, असं सेक्रेटरींना सांगून टाकलंय. त्यांनी दोनदा विचारलं, "तुम्ही?" मी दोनदा हो म्हटलं.

४ मार्च

कारखान्यात शाळेच्या गणवेशाचं कटिंग. एका वेळी चाळीस थर. सुताचीही चूक नाही. ज्याच्या हातून कापडाचे चाळीस थर सरळ कापले जातात, त्याच्या हातून एक बॉल सरळ जात नाही. आता दोष कुणाचा, ते कुणीही सांगावं.

दादाचेही हात असेच होते. आमच्या घराण्याचेच हात. तो बावीस वर्षं क्लबाचा चॅम्पियन. तेव्हा त्याच्या काठीत काहीतरी खास होतं, हे उघड आहे. सप्टेंबरात गेला. क्लबातच, टेबलाशेजारच्या खुर्चीत.

७ मार्च, दुपारी

जरा स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे उगाच भीती वाढणार नाही. मी वाकतो, नेम धरतो, आणि मारायच्या आधी मागून "हं" असा आवाज येतो. मोठा नाही. दादा करायचा तसा. समोरचा चुकणार हे त्याला आधी कळायचं, आणि तो तोंड मिटून नुसतं "हं" करायचा.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हाडाचा आवाज असणार. चुकीच्या ग्रिपमुळे खांद्यात काहीतरी कडकडत असेल.

९ मार्च

पहिला प्रयोग. क्लबाच्या काठीला मागच्या बाजूने सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. जाडी उत्तम. पण रबर हाताला चिकटतं. काठी पुढे सरकायच्या ऐवजी मीच पुढे सरकलो आणि हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली.

मार्करने बर्फ आणून दिला. मार्कर म्हणजे क्लबाची टेबलं सांभाळणारा, गुण मांडणारा म्हातारा. दादाचा खास माणूस. माझ्याशी काहीतरी बोलायचं असल्यासारखा उभा राहिला. मला वेळ नव्हता.

१० मार्च

दादा गेला त्या दुपारी त्याने मला केलेल्या फोनबद्दल मार्कर विचारेल की काय, असं वाटतं. विचारू दे. तीन मिस्ड कॉल होते. कटिंग मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही. कारखान्यात कुणालाही विचारा.

१२ मार्च

दुसरा प्रयोग : दोऱ्याची ग्रिप. दोऱ्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. मुठीच्या जागी मेणाचा दोरा तीन पदरी गुंडाळला. हातात घेतल्यावर वाटलं, झालं काम! पहिले दोन बॉल पॉकेटात. तिसऱ्याला "हं". दोरा सुटला. काठी एकीकडे, मी एकीकडे, दोरा सगळीकडे. मार्करने माझ्या पायातून सोडवला.

ही म्हणाली, "अहो, हाताला कशाला बोल लावता? याच हाताने लोणच्याच्या बरणीची झाकणं उघडता ना?" बायकांना ग्रिपमधलं कळत नाही.

१५ मार्च

आज "हं" कारखान्यात आला. सुरी कापडावर ठेवली आणि मागून, अगदी मानेजवळ. वळून पाहिलं. इस्त्रीवाली बाई दूर होती. बटणवाला जेवत होता. आयुष्यात पहिल्यांदा चाळीस सदऱ्यांच्या बाह्या अर्धा इंच आखूड झाल्या. मालकाला सांगितलं, हल्ली फॅशन आहे. मालक म्हणाला, "शाळेत?"

कारखान्यात माझ्या हातात क्यू नव्हता. मग ग्रिपचा संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर : चुकीच्या क्यूमुळे हाताला वळण लागलंय. ते सगळीकडे नडतं.

१७ मार्च

कातारीकडे गेलो. पलंगाचे, टेबलाचे पाय लेथवर घोटून देतो. कमी बोलतो. त्याने माझा पंजा फळीवर ठेवून पेन्सिलीने आखला, मापं घेतली आणि म्हणाला, "पंजा मोठा आहे खरा." मला भरून आलं. एवढ्या दिवसांत शास्त्रशुद्ध बोलणारा पहिला माणूस.

काठीचा मागचा भाग साधारण सव्वा इंच जाड असतो. मी पावणेदोन सांगितला. तो म्हणाला, "खेळायचं आहे ना? कांडायचं नाही ना?" मी म्हटलं, करा.

२१ मार्च

काठी आली. वजनदार, घोटीव, वर मऊ चामडं. धरली की बोटं कुठेच टोचत नाहीत, कारण ती एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. क्लबातल्या टवाळांनी तिला "मुसळ" म्हणायला सुरुवात केली. म्हणोत.

सात शॉट. चार चुकले, दोन बॉल टेबलाबाहेर, एक दिव्याला. प्रत्येकाच्या आधी "हं". मुसळामुळे मला तो अधिक स्पष्ट ऐकू येतो. ही प्रगतीच म्हणायची.

२२ मार्च

मशीन चालू होतं हे खरं. पण फोन समोरच्या टेबलावर होता. ऐकू आला नाही तरी उजेड दिसतो. एवढंच नोंदवतो.

२४ मार्च

अखेर वहिनीकडे गेलो, दादाची काठी मागायला. आधीच मागायला हवी होती, पण त्या घराचा जिना चढायला मला जमत नव्हतं. गुडघा दुखतो.

वहिनी म्हणाली, "न्या की भाऊजी. मी तिने पंख्यावरची जळमटं काढते." काठीच्या टोकाला फडकं बांधलेलं होतं. ते तिने सोडवलं, काठी पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

धरली. बारीक! क्लबातल्या कुठल्याही काठीएवढी. ग्रिप नाही, चामडं नाही, काही नाही. नंतर कातारीने माप घेतलं : सव्वा इंच. त्या हातांनी माणूस बावीस वर्षं ही काडी धरून खेळला! किती त्रास झाला असेल. कधी बोलला नाही. सोशिक स्वभाव.

घरातून निघताना वहिनीला सहज विचारलं, तुला घरात कधी काही ऐकू येतं का? दादाचं वगैरे. ती हसली नाही. म्हणाली, "नाही हो. किती दिवस कान देऊन बसते. तुम्हाला येतं?" मी काठी बगलेत मारली आणि उतरायला लागलो. जिन्यात मागून तिचा आवाज आला, "येत असेल तर मला सांगाल ना?"

२५ मार्च

कामावर गेलो नाही. गुडघा.

२७ मार्च, पहाटे

लिहूनच टाकतो, कोण वाचणार आहे. तीनही वेळा मी फोन पाहिला. आदल्या दिवशी आम्ही खेळलो होतो. शेवटचा काळा बॉल माझ्यासमोर पॉकेटाच्या तोंडाशी होता, लहान मूलही घालेल असा. त्याने "हं" केलं आणि मी चुकलो. तो हसला. सगळ्यांसमोर, पोट धरून हसला. म्हणून दुसऱ्या दिवशी उचलला नाही. म्हटलं, एकट्यानेच खेळ आता. बघ कसं वाटतं.

त्यानंतर अर्ध्या तासाने क्लबातून फोन आला. तो उचलला.

तेव्हापासून तो मला खेळायला बोलावतोय आणि मी येत नाही म्हणून मागे उभा राहतोय. तीस तारखेला मी ती फ्रेम जिंकली की फिटेल. ठराव : दादाच्याच काठीने खेळणे. ग्रिपसाठी वर फक्त एक पातळ चामड्याची पट्टी. तेवढी सवलत मोठ्या हातांना हवीच.

३० मार्च, संध्याकाळी ६

सामना झाला. म्हणजे माझा झाला. नऊ मिनिटं.

सेक्रेटरींनी दादाबद्दल चार शब्द सांगितले. वहिनी पहिल्या रांगेत. समोर खेळायला मार्करच होता, मान म्हणून. त्याने मला सोपे बॉल ठेवून द्यायला सुरुवात केली, ते मला कळलं आणि वहिनीलाही कळलं. मी वाकलो. ग्रिप हातात छान बसली होती, हे इथे मुद्दाम नोंदवतो. नेम धरला. मागून "हं". ज्याने मारायचं तो पांढरा बॉलच पॉकेटात गेला.

मग मी वळलो आणि मोठ्याने बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. ही सांगते ते असं : "मला माहीत होतं तू बोलावतोयस! मुद्दाम नाही आलो! आता तरी जा!" मागे भिंत होती, आणि भिंतीवर हार घातलेला दादाचा फोटोही नव्हता. तो पलीकडच्या भिंतीवर लावलेला.

मार्करने दंडाला धरून मला आतल्या खोलीत नेलं. पाणी दिलं. म्हणाला, "मास्तर, सहा महिने सांगीन म्हणतोय, तुम्ही उभे राहत नाही. ते तुम्हाला खेळायला नव्हते बोलावत."

मी म्हटलं, मग?

"पँट उसवली होती त्यांची. मागून. लांबच्या बॉलला वाकले आणि टर्रकन गेली. म्हणाले, धाकट्यानेच शिवलीय, त्यालाच सुई-दोरा घेऊन येऊ दे."

तीन फोन सुई-दोऱ्यासाठी.

मी उचलला नाही तेव्हा तो काय म्हणाला, ते विचारलं. मार्कर म्हणाला, "म्हणाले, रुसलाय, संध्याकाळी घरी जाऊन हसवतो त्याला. मग भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले, कोणी बघू नये म्हणून. स्वतःशीच हसत होते. पाणी मागितलं. मी पेला घेऊन आलो तोवर..."

 मग मी विचारलं, पाणी मागायच्या आधी आणखी काही म्हणाला का, माझ्याबद्दल? मार्कर टाळत होता. मी सोडलं नाही.

"म्हणाले, टाका फार लांब घालतो हा."

३१ मार्च

घरीच. वहिनी येऊन गेली. मार्करने तिला सगळं सांगितलं होतं. ती पँटचं सांगता सांगता हसायला लागली, मग ही हसली, मग मी. मग वहिनी थांबेना. हिने तिला धरून बसवलं.

२ एप्रिल, दुपारी ४

क्लब. रिकामा. रॅकमधून एक काठी उचलली, कुठली ते पाहिलं नाही. वाकलो. नेम धरला आणि थांबलो. पुष्कळ वेळ थांबलो. नुसता पंखा फिरत होता.

मारला. चुकला.

अकरा शॉट मारले, अकराही चुकले. मागून एकदाही काही आलं नाही. बाराव्याला मीच तोंड मिटून "हं" करून पाहिलं.

आवाज जमला नाही.