फॉर्मल नाइटसाठी दादांचा कोट

१५ सप्टेंबर, सोमवार

आज आलेलं, स्नेहाच्या कुरिअरमधून: काळा बो एक (वर चिठ्ठी ६९९ रुपयांची, वीतभर कापड!), बोट लागू नये म्हणून गोळ्यांची पाकिटं दोन (१२० रुपये), सूचनांचा कागद एक, फुकट. जहाजाची तिकिटं फोनवर आली. किंमत जावयांनी, राकेशरावांनी, सांगितली नाही. मी दोनदा विचारली.

कागदावर लिहिलंय की एक रात्र फॉर्मल नाइट. पुरुषांनी गडद सूट आणि टाय किंवा बो घालावा, नाहीतर आपला पारंपरिक पोशाख. टी-शर्ट, हाफ पँट, सँडल चालणार नाहीत. ह्यांचं कपाट या तीन गोष्टींनीच भरलंय. प्रेसमधून रिटायर झाल्यापासून ह्यांनी शर्टाचं बटण लावलेलं मी पाहिलं नाही.

स्नेहा म्हणाली, आई, बाबांना सूट भाड्याने घेऊ. मी म्हटलं, दुसऱ्याने कुठे कुठे घातलेला कोट माझ्या घरात येणार नाही. आपल्याकडे आहे.

लग्नातला. माझे वडील, दादा, निफाडला शाळेत क्लार्क होते. स्वतः जन्मात कोट घातला नाही, जावयाला मात्र शिवला. पँटवर मी मागेच बोहारणीकडून पातेलं घेतलं, पण कोट डांबरगोळ्या घालून जपलाय. पुण्याचे व्याही-विहीणबाई पण येणार आहेत जहाजावर. स्नेहाच्या लग्नात विहीणबाई ह्यांच्याकडे बघून मला म्हणाल्या होत्या, “तुमचे हे फारच साधे हो.” ते ‘साधे’ माझ्या घशात चार वर्षं अडकलंय. दादांचा कोट ह्यांच्या अंगावर, आणि हे व्याह्यांच्या समोर टेबलावर. बाकी मला जहाजाचं काही नको.

कोट घालून पाहिला. बटण आणि काज यांत चार बोटं अंतर. एवढंच. दीड महिना हातात आहे.

संकल्प: ह्यांनाही नवरात्राचे नऊ दिवस उपवास. पोटही उतरेल, पुण्यही लागेल.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

हे एका शब्दात तयार झाले. देवीचीच कृपा. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर तास घालतात.

सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी रताळ्याचा कीस. दिवसभर अन्नाचा कण पोटात नाही. कणकेचा डबा तसाच भरलेला. किती बरं वाटलं!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हे म्हणाले, अशक्तपणा वाटतो, डोळ्यांपुढे बटणं येतात. म्हणून राजगिऱ्याचे लाडू केले. साजूक तुपातले, कारण उपवासाला तेच चालतं. त्यावर बटाट्याचा चिवडा, कारण नुसतं गोड बाधतं.

कोट घालून पाहिला. चार बोटं. बहुतेक माझीच बोटं धुण्याच्या पाण्याने बारीक झालीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

साडेपाच बोटं.

कोट आटलाय. डांबरगोळ्यांनी लोकर आटत असणार. शेजारच्या फुलाबाई सोनं द्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, नऊ दिवसांत साबुदाणा किती आणला? म्हटलं, सहा किलो, मी नीट लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, “मग तो सहा किलो कुठे गेला असं वाटतं तुम्हाला?” मी त्यांना आपट्याचं एकच पान दिलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोट घेऊन नाशिक रोडला धोंडीराम टेलरकडे. त्याने कोट उलटा केला, सुलटा केला, मग ह्यांना उलटं-सुलटं केलं. म्हणाला, “ताई, कोटात काहीच बिघाड नाही.” आत दाबून ठेवलेलं कापड नाही म्हणे, सोडणार काय? पाठीत पट्टी घालू का, म्हणाला. पण रंग जुळणार नाही, मागून झेब्रा दिसेल.

हे त्याला म्हणाले, “माझा सासरा चांगला माणूस होता हो, पण त्याने माप माझं नाही, माझ्या पगाराचं घेतलं होतं.” दोघं हसले. मी नाही.

आता कळलं कुठे चुकलं. उपवास कमी पडले. आजपासून सोमवार, गुरुवार, शनिवार आणि शुक्रवारी संकष्टी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संकष्टी

चंद्र उशिरा उगवतो, तोवर ह्यांना धीर निघत नाही. धीरासाठी दोन वाट्या खिचडी. मग चंद्र दिसल्यावर उपवास सोडायचा म्हणून मोदक. मोदक अकराच केले, गणपतीला एकवीस लागतात तरी. याहून जास्त काटकसर कोणी करावी?

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

कोट घालून पाहिला नाही. सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये.

स्नेहाचा फोन. विहीणबाईंनी व्याह्यांना दोन महिने दुधीच्या सुपावर ठेवलंय म्हणे. बिचारे. आमच्याकडे निदान धर्माने चाललंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सहा बोटं. आता कबूल करते, पण फक्त इथे.

कागदावर पारंपरिक पोशाखही चालतो लिहिलंय ना? मग धोतर! दादांच्या कोटाखाली धोतर, कोट उघडा, वर उपरणं. उघडेपणा झाकला जाईल. गच्चीवर तालीम घेतली. समुद्रावर वारा असतो, म्हणून मुद्दाम गच्चीवर. दुसऱ्या पावलाला कासोटा सुटला. फुलाबाई पापड उचलायला आल्या होत्या, त्या पापड टाकून पळाल्या. हे म्हणाले, “मला तिकीट कशाला काढलं? शिडाच्या जागी बांधा, जहाज फुकट चालेल.”

धोतर रद्द. कोटाला आतून इलॅस्टिक आणि चार हूक मी स्वतः लावले. हातभर लांबून बंद असल्यासारखा दिसतो. ह्यांनी फक्त जेवणभर पोट आत ठेवायचं. माणसाने मनात आणलं तर काय करू शकत नाही?

आई सप्तशृंगी, तुझी ओटी भरीन. खण आणि नारळ, नारळ मोठा.

१ नोव्हेंबर, शनिवार. जहाजावर, रात्री

झालं.

संध्याकाळी ह्यांना कोट चढवला, बो बांधला. आरशात पाहिलं आणि माझेच डोळे भरले. दादा असते तर! लिफ्टपाशी व्याही-विहीणबाई भेटले. व्याह्यांचा सूट ऑनलाइन मागवलेला, कोरा, चकचकीत. पण दुधीने ते इतके वाळलेत की कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता, बाह्यांतून नुसती नखं. मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला लिहू?

टेबलावर बसताना एक हूक गेला. सूप येईपर्यंत तीन. हे श्वास धरून जांभळे. व्याह्यांची बाही सुपात. दोघं एकमेकांकडे बघत होते, मग “आलोच” म्हणून उठले. मला वाटलं, पळाले. विहीणबाईंनाही तेच वाटलं. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

दहा मिनिटांनी दोघं परत आले. ऐटीत. ह्यांच्या अंगात व्याह्यांचा कोट, बटण लागलेलं, खांद्यावर चपखल. आणि दादांचा कोट व्याह्यांच्या अंगावर. असा बसला होता की दादांनी त्यांचंच माप घेतलं असावं. शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघत होत्या. फोटोवाल्याने व्याह्यांना मधे उभं केलं.

विहीणबाई कापड चिमटीत धरून म्हणाल्या, “असं काम हल्ली मिळत नाही हो. कोणाचं?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे खुशीत म्हणाले, “आवडला ना? मग राहू द्या तुम्हालाच. आमच्याकडून मान समजा.” व्याह्यांनी हात जोडले. विहीणबाई मला म्हणाल्या, “किती मोकळ्या मनाचे आहेत तुमचे हे.”

‘साधे’ नाही म्हणाल्या. मोकळ्या मनाचे म्हणाल्या. आणि मी हसले. सगळ्यांसमोर, फोटोत सुद्धा हसतेय.

केबिनमध्ये आल्यावर ह्यांना आठवण करून दिली, तो दादांचा होता. हे बो सोडता सोडता म्हणाले, “माझ्या त्या वेळी लक्षातच राहिलं नाही गं. मला एवढंच सुचलं की श्वास घेता येतोय.” आता घोरताहेत. रागावणार तरी कोणावर?

व्याह्यांना मान म्हणून दिलेलं परत मागत नाहीत. आमच्यात कोणी मागितलेलं नाही. पण त्यांचं वजन परत वाढलं तर? दुधी काही जन्मभर पुरत नाही. मग कोट त्यांना होणार नाही, आणि घरीच येईल. तेव्हा ह्यांना बसायला हवा. उद्या एकादशी आहे, ह्यांचा उपवास चालूच ठेवते.

दादांना विचारायची सोय नाही. तेव्हा आई सप्तशृंगी, तुलाच लिहिते. मुलीच्या सासऱ्याच्या अंगावरून बापाचा कोट मागून घेतला, तर लेकीच्या संसाराला काही बाधतं का? विहीणबाई सोमवारी मुंबईला उतरून तशाच पुण्याला जाणार आहेत. तरी कृपा करून उलट टपाली कळवावे.