होडी बाहेर असताना न बोलायचा शब्द

आये, आज सकाळी नात इंग्रजीचे उलट शब्द घोकत बसली होती. एक जोडी तिच्या तोंडून निघाली आणि मी कारण नसताना तिच्यावर खेकसलो. पोर बावरून आत गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माझं, फार पूर्वी, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

खरं तर उलट शब्द मला आधी तूच शिकवलेस. डब्यातलं मीठ संपलं की तू म्हणायचीस, "मीठ वाढलं." बांगडी फुटली की तीही वाढायची. माहेरी निघालीस की उंबऱ्यावरून "येते." वाईट शब्दाला तू घरात सरळ कधी येऊच दिलं नाहीस. पुढे गावच्या शाळेत घाटावरचे मास्तर आले आणि शाळा सुटल्यावर मला इंग्रजी शिकवू लागले. त्यांनी एक दिवस ‘ऑपोझिट’ शिकवला. उन्हाचं ऑपोझिट सावली, आणि खाडीपलीकडचं गाव, तेही आपल्या गावाच्या ऑपोझिट. एवढा मोठा शब्द घेऊन मी धावत घरी आलो. तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस. "पलीकडं तं माजं म्हायेर हाय," तू म्हणालीस. "समोरचं ते उलटं कसं व्हईल? तुज्या मास्तरला खाडी कुनी दावली न्हाय वाटतं." दुसऱ्या दिवशी मी हे मास्तरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले, आणि मग म्हणाले, "आईचं बरोबर आहे. समोर असलेला माणूस विरुद्ध असतोच असं नाही." तुला हे सांगितल्यावर तू दोन दिवस खुशीत होतीस.

तीस-एकतीस साल असेल. तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांसाठी एकच जागा होती. त्यासाठी शाळाखात्याचे साहेब तोंडी परीक्षा घेणार होते. ती जागा नाही मिळाली तर मी बाच्या बरोबर जाळ्यावर जाणार, हे ठरलेलंच होतं. आणि नेमकी त्या सकाळी होडी परतली नव्हती. बा आणि काका आदल्या संध्याकाळीच यायला हवे होते. तू दोरीवर बोंबील वाळत घालतेस, हात चालू आहेत, नजर मात्र पाण्यावर आहे. मी निघालो तशी तू पदराने माझं तोंड पुसलंस. "वंगाळ शब्द तोंडातून काडू नको. तुजा बा दर्यात हाय."

"इंग्रजीतला पन न्हाय?" मी थट्टेने विचारलं.

"दर्याला समद्या भाषा कलतात," तू म्हणालीस. तू हसली नाहीस.

साहेबांनी भराभर शब्द विचारले. शेवटी आम्ही दोघेच उरलो, मी आणि श्रीवर्धनकडचा एक मुलगा. "फ्लोट," साहेब म्हणाले. "म्हणजे तरंगणे. ऑपोझिट सांगा." त्या मुलाला आला नाही. साहेब माझ्याकडे वळले. मला येत होता. दाराशी उभे असलेले मास्तर मान हलवत होते, बोल, बोल. मला बोंबलांची दोरी दिसली, तुझे हात दिसले, आणि तरी मी बोललो, "सिंक." साहेबांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने सांग, म्हणाले. मी मोठ्याने सांगितलं. आणि आये, मला आनंद झाला. सगळ्यांत मला एकट्यालाच तो शब्द येतो याचा आनंद झाला, आणि त्या घटकेला बाची आठवणही नव्हती.

घरी आलो तेव्हा तू दोरीपाशीच होतीस. जागा मिळाली का हे तू विचारलंच नाहीस. "काय वंगाळ बोललास न्हाय ना?"

"न्हाय," मी म्हणालो.

ती रात्र कशी गेली ते तुलाही ठाऊक, मलाही. दुसऱ्या दिवशी दुपारी होडी दिसली. शीड फाटलं होतं, दोघे वल्ही मारत आले होते, बाच्या तळव्यांची सालटी निघाली होती. तू आधी मला कवटाळलंस आणि सगळ्या किनाऱ्याला ओरडून सांगितलंस, "माज्या पोरानं जीब धरली, म्हनून आले!" पुढे मरेपर्यंत तू हे सांगत राहिलीस. माझी बायको लग्न होऊन आली त्या दिवशी तिलाही सांगितलंस. वसतिगृहाला निघताना तुझ्या माहेरची पितळी लोटी माझ्या हातात दिलीस, शब्द राखणाऱ्याला म्हणून. ती अजून माझ्याकडे आहे. त्या लोटीने मी कधी पाणी प्यायलो नाही.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. ही जोडी फळ्यावर लिहायचो आणि पटकन पुढे सरकायचो. दर्याला भाषा कळतात यावर माझा विश्वास नाही. पण तू ज्या मुलाचं कौतुक करत गेलीस तो मुलगा घरात नव्हताच, याची लाज वाटते.

हे पत्र तुला पाठवता आलं असतं तरी उपयोग नव्हता. तुला वाचता यायचं नाही. आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचो, हेही मलाच वाचावं लागलं असतं. आणि खरं सांगतो आये, मी तो शब्द बोललो त्या ओळीशी आल्यावर तू माझ्याकडे पाहिलं असतंस, आणि मी पुन्हा "न्हाय"च वाचलं असतं.